बीसीएचं तिसरं सत्र, तालुक्याच्या कॉलेजातून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून रोज एसटीने तालुक्याच्या कॉलेजात जाते आणि बीसीए, म्हणजे कॉम्प्युटरची पदवी, शिकते. पदवी संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाची. तिसरं सत्र नुकतंच संपलं. गावातली बारावी झालेली मुलं-मुली, त्यांचे आईवडील आणि कॉलेजातले ज्युनिअर तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. अभ्यासक्रम बदलत राहतो, तेव्हा विषयांची यादी आपापल्या वर्षाची पाहावी.

ताई, या सत्रात होतं तरी काय?

सी भाषेतून डेटा स्ट्रक्चर (माहिती मशीनमध्ये मांडायच्या रीती), डेटाबेस, कॉम्प्युटर नेटवर्क, पायथनची ओळख आणि थोडं वेब डिझाइन. मला सगळ्यात जास्त डेटाबेसने दिलं, म्हणून खाली त्यावरच जास्त लिहिलं आहे. वेब डिझाइनमध्ये आम्ही एचटीएमएलच्या टॅगपलीकडे फारसे गेलो नाही.

घरी कॉम्प्युटर नाही. जमेल का?

जमतं. माझ्याही घरी नाही. खेड्यातल्या मुलांची खरी अडचण मशीनच्या वेळेची असते, डोक्याची नाही, हे या सत्रात मला पक्कं कळलं. लॅबमध्ये एका मशीनवर दोघी-तिघी बसतो, त्यात लाइट गेली की तास संपला. म्हणून लॅबमध्ये जाऊन विचार करायला सुरुवात करायची नाही. विचार घरी वहीवर करायचा आणि मशीनवर फक्त तपासायचा.

त्याची रीत अशी. प्रोग्रॅम वहीत लिहायचा. शेजारी कोष्टक काढायचं, वर चलांची (आकडे ठेवायच्या जागांची) नावं, खाली प्रत्येक ओळीनंतर त्यांची किंमत. सर त्याला ड्राय रन म्हणतात. लूप (पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या ओळी) एकदा जास्त फिरतो का, शेवटचा घटक सुटतो का, हे तिथेच दिसतं. बायनरी सर्च, म्हणजे यादी निम्मी निम्मी करत शोधणं, मला असाच समजला. गावातली सोळा नावं अकारविल्हे लिहिली आणि दरवेळी मधलं नाव पाहून निम्मी यादी खोडत गेले. सोळा नावांत जास्तीत जास्त ५ तुलना लागतात आणि दहा लाख नावांत फक्त २०, कारण २ चा विसावा घात १०,४८,५७६ होतो. पुस्तकातला लॉगरिदम हाच, हे वहीवरच्या खोडण्यातून कळलं की विसरत नाही. अट एकच, यादी आधी क्रमाने लावलेली हवी.

मोबाइलही उपयोगाला येतो. पायथनसाठी पायड्रॉइड ३ हे अॅप नेट नसतानाही चालतं. टर्मक्स या अॅपमध्ये सीचा कंपायलर (लिहिलेला प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत बदलणारा) टाकता येतो. तो एकदाच, रेंज चांगली असेल तिथे बसून उतरवून घ्यावा. मोबाइलच्या कीबोर्डवर कंस आणि अर्धविराम शोधताना बोटं दुखतात, पण सवय होते.

लॅबमध्ये टर्बो सी हा जुना कंपायलर असेल तर दर चार-पाच ओळींनी एफ२ दाबून सेव्ह करा. लाइट विचारून जात नाही.

इंग्रजी कच्चं आहे, मराठी माध्यमातून आलो. मागे पडू का?

सुरुवातीला जड जातं, हे खरं आहे. पण भाषेचा आवाका किती ते पाहा. जुन्या प्रमाण सीमध्ये राखीव शब्द ३२ आहेत, आजच्या पायथनमध्ये ३५. पहिलीच्या बालभारतीतही याहून जास्त शब्द असतात. उरतात त्या चुकांच्या सूचना, आणि त्याही ठरावीक दहा-बारा फिरून फिरून येतात. वहीच्या शेवटच्या पानावर डावीकडे सूचना जशीच्या तशी उतरवा, उजवीकडे ती कशामुळे आली ते मराठीत लिहा. सत्राच्या मध्यापर्यंत पान भरतं आणि भीती जाते.

आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे छोटे व्हिडिओ फुकट आहेत, त्यांतले बरेचसे मराठी आवाजातही आहेत. सी, पायथन, लिनक्स यांच्यासाठी मी तेच सांगते. ते पाहताना थांबवून, सोबत करून पाहायचे. नुसते बघून काही येत नाही.

एकच प्रोग्रॅम मोबाइलवर बरोबर उत्तर देतो आणि लॅबमध्ये चुकीचं. कावून?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण याचं उत्तर कळलं की मशीन आतून कशी विचार करते ते कळतं.

लांब धाग्याच्या कापसाचा २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. पाच क्विंटलचे ३७,६०५ रुपये झाले पाहिजेत. टर्बो सीमध्ये भाव आणि क्विंटल दोन्ही ‘इंट’ (पूर्णांकांच्या) प्रकारात घेऊन गुणाकार केला तर पडद्यावर उणे २७,९३१ येतं. म्हणजे कापूस विकून शेतकऱ्याच्याच अंगावर देणं निघालं!

टर्बो सी १९८७ साली आला. त्या काळच्या मशीनप्रमाणे त्याचा ‘इंट’ २ बाइटचा, म्हणजे १६ बिटांचा आहे. त्यात उणे ३२,७६८ ते अधिक ३२,७६७ एवढेच आकडे मावतात. ३७,६०५ त्याबाहेर जातो, मग ३७,६०५ मधून ६५,५३६ वजा होऊन उणे २७,९३१ उरतात. मोबाइलवरच्या आजच्या कंपायलरमध्ये ‘इंट’ ४ बाइटचा असतो, त्यात २१४ कोटींच्या वरपर्यंत आकडा बसतो. म्हणून तिथे उत्तर बरोबर येतं.

पुढची खोच परीक्षेत विचारतात. उत्तर ठेवायचं चल ‘लाँग’ (मोठ्या पूर्णांकांचा प्रकार) केलं तरी टर्बो सीमध्ये चूक राहतेच. गुणाकार दोन ‘इंट’चा होतो, तो आधीच फुटतो आणि फुटलेलं उत्तर ‘लाँग’मध्ये जाऊन बसतं. गुणल्या जाणाऱ्या दोहोंपैकी निदान एक आकडा ‘लाँग’ हवा.

इतक्या जुन्या कंपायलरवर आम्हाला शिकवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. जीसीसी हा आजचा कंपायलर फुकट मिळतो आणि जुन्या मशीनवरही चालतो. पण लॅबमध्ये जे आहे त्यावर परीक्षा असते, तेव्हा दोन्हींतला फरक माहीत असलेला बरा.

डेटाबेस म्हणजे नुसत्या व्याख्या आणि नॉर्मल फॉर्म (कोष्टकं नीट मांडायचे नियम). पाठ कसे करायचे?

पाठ करू नका. घरातला सातबारा काढा.

एडगर कॉड या आयबीएममधल्या संशोधकाने १९७० साली रिलेशनल मॉडेल मांडलं. माहिती कोष्टकांत ठेवायची, कोष्टकं एकमेकांशी किल्लीने जोडायची, आणि एक गोष्ट एकाच जागी लिहायची. आपल्याकडे तलाठ्याच्या दप्तरात जमिनीच्या नोंदी गाव नमुन्यांत विभागलेल्या आहेत. नमुना ७ म्हणजे अधिकार अभिलेख, नमुना १२ म्हणजे पिकांची नोंद, ८-अ म्हणजे एका खातेदाराच्या नावावर गावात किती जमीन, आणि नमुना ६ म्हणजे फेरफार. हे उतारे समोर ठेवून मी धडा वाचला आणि प्रत्येक व्याख्येला हातात धरायला काहीतरी मिळालं.

समजा, एका गटाचे, म्हणजे जमिनीच्या एका तुकड्याचे, चार भाऊ-बहीण खातेदार आहेत. एका ओळीत गट क्रमांक आणि एकाच खान्यात चौघांची नावं स्वल्पविरामाने लिहिली. आता ‘सुमनच्या नावावर एकूण किती जमीन?’ असं विचारलं तर मशीनला सगळे खाने फोडून शोधावं लागतं. दोन सुमन असतील तर तेही जमत नाही. पहिला नॉर्मल फॉर्म एवढंच म्हणतो की एका खान्यात एकच गोष्ट असावी.

मग चार ओळी केल्या, प्रत्येकीत एक नाव. पण गटाचं क्षेत्र आणि आकार (सारा) चारही ओळींत पुन्हा पुन्हा आला. उद्या मोजणीत क्षेत्र बदललं आणि तीनच ओळींत दुरुस्ती झाली, तर खरं क्षेत्र कोणतं? क्षेत्र गटावर अवलंबून आहे, खातेदारावर नाही, म्हणून ते गटाच्या कोष्टकात एकदाच राहील. दुसरा नॉर्मल फॉर्म इथे येतो.

आता एका गटाला अनेक खातेदार आणि एका खातेदाराचे अनेक गट. हे दोन कोष्टकांत कसंही बसवलं तरी बसत नाही. तिसरं कोष्टक करावं लागतं: गट, खातेदार, हिस्सा. पुस्तकात याला मेनी-टू-मेनी म्हणतात. सातबारा म्हणजे त्या तिन्ही कोष्टकांवर गटाच्या बाजूने टाकलेली नजर आणि ८-अ म्हणजे खातेदाराच्या बाजूने. माहिती तीच, प्रश्न वेगळा. कोष्टकं जोडणारी ‘जॉइन’ ही आज्ञा मला या दोन उताऱ्यांमुळे समजली.

प्रायमरी की (ओळ नेमकी ओळखणारी किल्ली) कोणती, हाही धडा इथेच. नुसता गट क्रमांक चालत नाही, कारण गट क्रमांक ४५ शेजारच्या गावातही असतो. गाव आणि गट मिळून किल्ली होते. गट ४५/१ आणि ४५/२ असे पोटहिस्से पडतात, म्हणून तो खाना अंकांचा ठेवता येत नाही, मजकुराचा ठेवावा लागतो. क्षेत्र १.२०.०० असं लिहिलेलं असतं, म्हणजे १ हेक्टर २० आर. दोन ठिपक्यांचा आकडा मशीनला कळत नाही. चौरस मीटरमध्ये १२,००० असा पूर्णांक ठेवला की बेरीज-वजाबाकी बिनचूक होते.

आणि फेरफार! खातेदार वारला की वारसांची नावं चढतात, जुन्या नावाला कंस होतो, शेजारी फेरफार क्रमांक येतो. जुनी नोंद पुसत नाहीत. डेटाबेसमध्येही महत्त्वाच्या कोष्टकातून ओळ ‘डिलीट’ करू नये, ती बंद झाल्याची खूण करावी आणि कोणत्या व्यवहाराने बंद झाली ते लिहावं, असं सरांनी सांगितलं तेव्हा वर्गातल्या शेतकऱ्यांच्या पोरांना वेगळं समजवावं लागलं नाही. मला यात अभिमान वाटतो. आम्ही ज्याला मागासलेपणा समजून लपवत होतो, त्या दप्तराच्या कागदांनी आम्हाला सत्रातला सगळ्यात अवघड विषय शिकवला.

मराठी नावं टाकली की प्रश्नचिन्हं दिसतात. मशीनला मराठी येत नाही का?

येतं. युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारी पद्धत, तीत देवनागरीला १२८ जागांचा स्वतंत्र पट्टा आहे. प्रश्नचिन्हं दिसली तर बहुतेक वेळा कोष्टकाचा कॅरेक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) ‘लॅटिन-१’ असतो. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या जुन्या आवृत्त्यांत तोच आपोआप लागायचा. कोष्टक करतानाच ‘यूटीएफ-८ एमबी-४’ निवडा. एकदा प्रश्नचिन्हं होऊन साठवलेली नावं परत मिळत नाहीत, म्हणून आधी दोन ओळी टाकून पाहा.

टायपिंगच्या दुकानातून आणलेला मजकूर कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये असेल तर तो आतून इंग्रजी अक्षरंच असतो, वरून फक्त मराठी दिसतो. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो.

‘विदर्भ’ हा शब्द घ्या. आपल्याला तीन अक्षरं दिसतात. पायथन त्याची लांबी ६ सांगतो, कारण वेलांटी आणि हलन्त वेगळे मोजले जातात. यूटीएफ-८ मध्ये साठवला आणि सीच्या फंक्शनने मोजला तर १८ येते, कारण तिथे बाइट मोजले जातात आणि प्रत्येक खुणेला ३ बाइट लागतात. तिघांचंही आपापल्या जागी बरोबर आहे. फॉर्ममध्ये नावाला २० बाइटची मर्यादा ठेवली तर ‘विदर्भ’पुढे काही मावणार नाही, हे मात्र फॉर्म बनवणाऱ्याने जाणलं पाहिजे.

क्रमवारीचंही तसंच. युनिकोडमध्ये ळ हा ल च्या लगेच नंतर आणि व च्या आधी येतो, आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर. त्यामुळे नुसत्या कोड क्रमांकावर लावलेल्या यादीत काळे आधी आणि कावळे नंतर येतात. शाळेच्या हजेरीपटात उलटं असतं. मराठी क्रम हवा असेल तर मराठीचे नियम असलेलं कोलेशन (क्रम लावायचा नियम) द्यावं लागतं. यावर वर्गात कोणी बोललं नाही, पण गावच्या याद्या करायच्या असतील तर पहिल्याच दिवशी हे समोर येतं.

मोबाइलवर रेंज फुल्ल दिसते, तरी नेट चालत नाही. नेटवर्कच्या पुस्तकात याचं उत्तर आहे का?

आहे. रेंजच्या रेघा फक्त तुमचा फोन आणि टॉवर यांच्यातला सिग्नल सांगतात. टॉवरच्या पुढची वाट अरुंद असेल, किंवा संध्याकाळी सगळं गाव एकदम नेटवर आलं असेल, तर रेघा भरलेल्या राहूनही नेट रांगतं. लाइट जाऊन बराच वेळ झाला की टॉवरची बॅटरीही संपते, मग रेघाही जातात.

टीसीपीचा, म्हणजे माहिती खात्रीने पोचवण्याच्या रीतीचा, धडा नीट वाचा. रस्त्यात हरवलेलं पॅकेट (माहितीचा तुकडा) पुन्हा मागवलं जातं, म्हणून कमकुवत नेटवर फाइल उशिरा उतरते पण चुकीची उतरत नाही. फोनवरच्या बोलण्याला थांबून चालत नाही, म्हणून तिथे यूडीपी ही हरवलेल्यासाठी न थांबणारी रीत वापरतात आणि शब्द तुटतात.

यूपीआयने पैसे कापले आणि दुकानदाराला मिळाले नाहीत, हा गावातला नेहमीचा वाद. बरेचदा पैसे पाठवण्याची सूचना पोचलेली असते आणि उलट येणारा निरोप वाटेत हरवतो. तुमच्या अॅपला काय झालं हे माहीत नसतं, म्हणून ते ‘प्रलंबित’ दाखवतं. प्रत्येक व्यवहाराला स्वतंत्र क्रमांक असतो, त्यावरून बँका नंतर मेळ घालतात. लगेच दुसऱ्यांदा पैसे पाठवू नका. मी हे किराणा दुकानातल्या काकांना समजावून सांगितलं तेव्हा माझा नेटवर्कचा धडाही पक्का झाला.

परीक्षेसाठी एक गणित: आयपीव्ही-४ चा, म्हणजे नेटवरच्या यंत्राचा, पत्ता ३२ बिटांचा, म्हणून एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. जगात माणसंच ८०० कोटींवर आहेत. म्हणून मोबाइल कंपन्या एका पत्त्यामागे अनेक ग्राहक ठेवतात, आणि म्हणूनच १२८ बिटांचा आयपीव्ही-६ आला.

पायथन सीपेक्षा सोपं आहे ना?

लिहायला सोपं आहे. पण ०.१ + ०.२ करून पाहा, ०.३ च्या शेपटाला शून्यांची रांग आणि शेवटी ४ दिसेल. ०.१ सारखा दशांश अपूर्णांक मशीनच्या दोनच्या घातांत नेमका बसत नाही, म्हणून. पैशांचा हिशेब पैशात, पूर्णांकांनी करा.

एआयला विचारून प्रोग्रॅम लिहिला तर?

मशीनने दाखवलेली चुकीबद्दलची सूचना समजून घ्यायला जरूर विचारा, मराठीतही विचारा. प्रोग्रॅम मात्र स्वतः लिहा. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले सर एखादी ओळ बदलून ‘आता काय होईल?’ विचारतात. लेखी परीक्षेतही समोर फक्त कागद असतो.

जर्नल (प्रॅक्टिकलची वही) पूर्ण करण्यातच सगळा वेळ जातो. काय करावं?

मलाही हे पटत नाही. एकमेकांच्या वहीतून प्रोग्रॅम उतरवण्यात जे दिवस जातात, त्यांत दोन नवे प्रोग्रॅम लिहून होतात. दर प्रॅक्टिकलच्या दिवशीच एक पान लिहायचं आणि सही घ्यायची. शेवटच्या आठवड्यात सह्यांची रांग लागते, तिथे कोणी काही शिकत नाही.

“पोरगी एकटी तालुक्याले जाते. शेवटची गाडी सुटली तं?”

काकू, ही काळजी खरी आहे आणि ती मुलीवर सोडून देण्यासारखी नाही. सत्राच्या सुरुवातीला वेळापत्रक मिळतं, तेव्हाच पालकांनी कॉलेजात येऊन दुपारनंतरची बॅच बदलून मागावी. पालक आले की कॉलेज ऐकतं, हे मी पाहिलं आहे. एका मार्गावरच्या मुलींनी एकच बॅच घेतली तर येणं-जाणं सोबत होतं. विद्यार्थ्यांच्या एसटी पासला ६६.६७ टक्के सवलत आहे. पास संपलेला असेल त्या दिवशी महिलांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहेच.

प्रवेश आणि फीचं काय?

२०२४-२५ पासून बीसीए एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या) कक्षेत आलं आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात त्यासाठी सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, सुरू झाली. बारावीच्या निकालाची वाट पाहत बसलात तर सीईटीचा अर्ज सुटतो. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेतल्यास शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर भरतात. उत्पन्नाचा दाखला आधीच काढा आणि बँक खात्याला आधार जोडलेलं आहे ना, ते पाहा.

“हे शिकून गावात काय करतं पोट्टं?”

बऱ्याच जणांना नागपूर-पुण्याला जावंच लागेल, हे मी लपवत नाही. पण जिनिंगचा, दूध संकलनाचा, शेतकरी कंपनीचा, बचत गटाचा हिशेब नीट कोष्टकांत बसवून देणारं माणूस प्रत्येक तालुक्याला हवं आहे. आमच्या गावातल्या बचत गटाचं कर्जखातं मी सुट्टीत पायथन आणि एसक्यूलाइटमध्ये बसवते आहे. एसक्यूलाइटला वेगळा सर्व्हर लागत नाही, सगळा डेटाबेस एका फाइलमध्ये राहतो, त्यामुळे तो मोबाइलवरही चालतो. गटातल्या एका ताईंनी पहिल्याच बैठकीत विचारलं, ‘एखादीनं अर्धाच हप्ता दिला तं कुठं लिवायचं?’ त्या एका प्रश्नासाठी मला हप्त्याचं वेगळं कोष्टक करावं लागलं.

लॅबचा वेळ वाढवून मागायचा कसा?

लेखी. ‘लॅब कमी पडते’ एवढंच लिहिलं तर अर्ज पडून राहतो. वर्गात मुलं किती, चालू मशीन किती, मागच्या महिन्यात कोणत्या तासांना लाइट नव्हती, शेवटची एसटी किती वाजता, हे आकडे मोजून लिहा. मागणी नेमकी करा: आठवड्यातून दोन दुपारी लॅब उघडी ठेवावी, इन्व्हर्टरवर निदान निम्मी मशीन घ्यावी, टर्बो सीसोबत जीसीसी टाकून द्यावा. शेवटच्या मागणीला पैसे लागत नाहीत, म्हणून ती सगळ्यात वर लिहा. विभागप्रमुखांच्या नावे अर्ज, खाली सगळ्यांच्या सह्या, आणि ऑफिसात देताना दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या.